तोटीत थांबलेलं पाणी

कारंजा घाडगेच्या शाळेतल्या पाण्यात शिसं निघालं, ते पहिल्यांदा दिपालीनं पाहिलं. वर्ध्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. तालुक्यांच्या गावांतून नेहमीच्या फेरीत बाटल्या यायच्या, त्यातलीच ही एक. मशीनवर आकडा उमटला तेव्हा तिनं तो लगेच खरा धरला नाही. तीच बाटली पुन्हा लावली, मध्ये निव्वळ शुद्ध पाणी लावून पाहिलं, मग पुन्हा तीच. आकडा जागचा हलला नाही. पिण्याच्या पाण्यात जेवढं शिसं चालवून घेतात, त्याच्या कितीतरी पट होतं.

बातमी कारंजाला पोचली आणि मोबाइलवरून फिरता फिरता तिचं रूप बदललं. नगरपंचायतीच्या टाकीत विष आहे असं लोक म्हणू लागले. थंड पाण्याच्या कॅन विकणाऱ्यांच्या गाड्या गल्लीबोळांत दिसू लागल्या. नगरपंचायतीतून प्रयोगशाळेला फोन आला की टाकीचं पाणी स्वच्छ आहे, तुमची बाटलीच घाण असेल.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सुलोचना मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी दिपालीला बोलावलं.

"बाटली घाण नव्हती हे तुला माहीत आहे आणि मलाही. पण गावाला पटलं पाहिजे."

"मॅडम, टाकीत शिसं असतं तर गावातल्या बाकीच्या नमुन्यांतही आलं असतं," दिपाली म्हणाली. "त्यांत काहीच नाही. म्हणजे पाणी शाळेपर्यंत चांगलं येतंय. आत गेल्यावर काहीतरी होतंय."

"मग काय होतंय ते शोधून काढ. तुझं सासर तिथंच आहे ना? आदल्या दिवशी मुक्कामाला जा. सकाळी शाळा उघडायच्या आत नमुने घे."

दिपाली आणि तिचा नवरा निकेश वर्ध्याला लागून नालवाडीत राहायचे. निकेशचे आईवडील मात्र कारंजालाच होते. बाजार लाइनीत 'वैरागडे हार्डवेअर' हे सासऱ्यांचं दुकान. खिळ्यापासून मोटरपंपापर्यंत सगळं तिथं मिळायचं, आणि जे नसेल ते उद्या आणून देतो असं सांगून डोमाजी वैरागडे गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचे. बोलायला मोकळे, हाताला सढळ. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्यांना माहीतही होतं.

दिपाली बाटल्यांचा डबा घेऊन पोचली त्या संध्याकाळी सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, पातोडीचा रस्सा केला होता. जेवायला बसल्यावर डोमाजींनी विषय काढलाच.

"तुमच्या त्या मशीनचं डोक्सं फिरलं असंन. माहा जनम गेला या गावचं पाणी पिऊन. मले काई झालं का?"

"पाणी चांगलंच असंन, मामाजी," दिपाली म्हणाली. सासरी आली की तिची बोली आपोआप इकडची व्हायची. "तेच तं पाहाले आली मी. टाकीपासून पाहात येतो, मंग समजते कोठं बिघडते ते."

"पाहाजो बापा. पण शाळेत जरा सांभाळून. तठच्या तोट्या मी देल्या हायेत. मागच्या वर्सी प्लास्टिकच्या सगळ्या तुटल्या होत्या, पोरं तोटीले लटकत. म्या म्हटलं, घ्या, पितळेच्या लावा. भिंतीवर नाव टाकलं हेडमास्तरनं."

दिपालीचा घास हातातच थांबला. नवीन पितळी तोट्या. नमुना हाती येण्याआधी बोलायची तिला सवय नव्हती, आणि ताटावर बसून तर नाहीच.

सकाळी उजाडताच ती निघाली. आधी नगरपंचायतीच्या मोठ्या टाकीवर गेली. तिथं गावाला पाणी सोडणारा कैलास वाट पाहत उभा होता. लोक चार दिवसांपासून त्यालाच बोलत होते, त्यामुळे तो वैतागलेला होता.

"मॅडम, माह्यासमोर भरा. मंग कोणी म्हणू नये."

तिनं त्याच्यासमोरच भरलं. मग शाळेच्या रस्त्यावरच्या व्हॉल्व्हपाशी भरलं. प्रत्येक बाटलीत तिनं अॅसिडचे थेंब टाकले. असं केलं की पाण्यातला धातू बाटलीला चिकटून बसत नाही, हे तिनं कैलासला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि डबा स्वतः उचलून घेतला.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कुंताबाई आधीच येऊन बसल्या होत्या. शाळेच्या छतावर एक काळी टाकी होती. तिच्यातून एक पाइप पोरांच्या तोट्यांकडे जायचा, दुसरा कुंताबाईंच्या स्वयंपाकघरात. पोरांच्या तोट्या रांगेनं चकचकत होत्या. वर भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'श्री. डोमाजी वैरागडे यांच्याकडून सप्रेम भेट'. स्वयंपाकघरातली तोटी मात्र जुनीच होती, पांढऱ्या प्लास्टिकची, पिवळी पडलेली.

"काल संध्याकाळपासून कोणी तोटी उघडली नाही ना?" दिपालीनं विचारलं.

"नाई. तुमचा निरोप होता म्हून मी कुलूप लावूनच गेलती."

दिपालीनं पहिल्या तोटीखाली बाटली धरली आणि तोटी उघडली. रात्रभर तोटीतच थांबलेलं पाणी आधी आलं, ते तिनं वाया जाऊ न देता बाटलीत घेतलं. मग तोटी तशीच वाहू दिली. बऱ्याच वेळानं त्याच तोटीचं दुसरं पाणी दुसऱ्या बाटलीत भरलं. एकेक करत रांगेतल्या सगळ्या तोट्यांचं तिनं तसंच केलं. शेवटी स्वयंपाकघरातल्या जुन्या तोटीचं पाणी घेतलं.

कुंताबाई सगळं बघत होत्या. त्यांची नात आचल याच शाळेत शिकत होती.

"मी तं आता पाणी उकयूनच देऊन राह्यली पोराईले," त्या म्हणाल्या. "उकयलं का मरते ना ते?"

दिपालीनं झाकण घट्ट केलं आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "नाही, कुंताबाई. उकळून जंतू मरतात. शिसं हा धातू आहे, तो उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि तो तेवढाच राहतो."

"मंग लेकराईले काई होईन का?"

"खूप दिवस पोटात गेलं तर होतं. लहान मुलांच्या डोक्याच्या वाढीवर परिणाम होतो. किती गेलं हे रक्त तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि उगीच काही होत नाही असंही सांगणार नाही. निकाल येईपर्यंत पोरांना पाणी फक्त तुमच्या स्वयंपाकघरातून द्या. मला वाटतं ते पाणी चांगलं निघेल."

कुंताबाईंनी पदरानं हात पुसले. त्या हेडमास्तरांना सांगायला गेल्या आणि जाताना रांगेतल्या तोट्यांच्या पाइपचा कॉक बंद करून गेल्या.

निकाल दिपालीच्या अंदाजाप्रमाणेच आला. मोठी टाकी साफ, रस्त्यावरचा व्हॉल्व्ह साफ, स्वयंपाकघरातली जुनी तोटी साफ. पोरांच्या तोट्यांतून वाहून आलेल्या पाण्यात जेमतेम. रात्रभर तोटीत थांबलेल्या पाण्यात मात्र शिसं भरपूर, एकाही तोटीचा अपवाद नाही. शंका घ्यायला जागाच उरली नव्हती. तिनं कागद सुलोचना मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"तोट्या," मॅडम म्हणाल्या.

"हो. रात्रभर पाणी आत थांबतं, पितळातलं शिसं त्यात उतरतं. सकाळी पहिलं पाणी पोरं पितात."

"कोणी बसवल्या होत्या?"

"माझ्या सासऱ्यांनी शाळेला भेट दिल्या होत्या. त्यांच्याच दुकानातल्या आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "रिपोर्ट उद्या पाठवला तर चालेल. आज घरी बोलून घे."

"नाही मॅडम, आत्ताच पाठवा. त्या तोट्या आणखी किती घरांत लागल्या असतील कोणाला माहीत. घरी मी आज जातेच आहे. कागद पोचायच्या आधी त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेलं बरं."

कारंजाची बस धरली तेव्हा तिच्या मनात भीती नव्हती असं नाही. पण ती भीती रिपोर्टबद्दल नव्हती. रिपोर्टबद्दल तिला एवढीही धाकधूक नव्हती. डोमाजींनी लग्नानंतर तिची नोकरी कौतुकानं मिरवली होती. माही सून पाण्याची डॉक्टर हाय, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यांना हे कोणत्या शब्दांत सांगायचं, याचा विचार ती वाटेतलं तळेगाव येईपर्यंत करत होती. मग तिनं विचार सोडला. सरळ सांगायचं.

दुकानात एक शेतकरी तारेचं बंडल घेत होता. तो जाईस्तोवर दिपाली बाजूला उभी राहिली. मग म्हणाली, "मामाजी, शाळेतल्या तोट्याईतून शिसं येऊन राह्यलं."

डोमाजी हसले. मग तिचा चेहरा पाहून थांबले.

"माह्या तोट्या?"

"व्हय. टाकीचं पाणी चांगलं हाय. तोटीत थांबलं का बिघडते. रिपोर्ट नगरपंचायतीले गेला."

"गेला?" डोमाजींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "घरच्या माणसाचं नाव कागदावर टाकलं तू?"

"नाव नाई टाकलं. तोट्याईचं लिवलं. नाव तं भिंतीवर हाय."

ते काउंटरवरचे स्क्रू उगाचच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत राहिले. "नागपूरहून आणल्या त्या. प्लास्टिक नाई, पितळ हाय. पितळेचं पाणी तं चांगलं म्हणतेत लोक."

"पितळ घासाले, कापाले नरम पडावं म्हून त्यात शिसं मियवतेत. चांगल्या कंपन्या ते मोजून टाकतेत. ह्या तोट्याईवर कोण्या कंपनीचं नावच नाई. भंगार वितळवून केल्या असतीन. किती शिसं हाय ते बनवणाऱ्यालेबी माहीत नसंन."

"मले काई समजत नाई का मालातलं? सारा जनम धंदा केला म्या." मग स्क्रूंचा डबा बाजूला सारून ते म्हणाले, "मले दाखवजो. माह्या डोयानं पाहीन, तवाच मानीन."

"चाला ना मंग उद्या वर्ध्याले. तोट्या तुमीच निवडा. पाणी तुमीच भरा. मी हातबी लावत नाई."

रात्री जेवताना डोमाजींनी भाकर अर्धी ठेवली. "गावात तोंड कसं दाखवाचं आता?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

प्रमिलाबाईंनी वरणाची वाटी खाली ठेवली. "लेकराईच्या पोटात जाऊन राह्यलं होतं ना ते? मंग तुमच्या तोंडाचं काय घेऊन बसले?"

डोमाजींनी बायकोकडे पाहिलं. जेवण झाल्यावर ते दुकानात गेले. पोत्यातून बिननावाच्या तोट्या काढल्या, कपाटातून मोठ्या कंपनीच्या काढल्या. सगळ्या उलट्या धरून घरच्या माठातल्या पाण्यानं भरल्या आणि रबरी बूच ठोकून उभ्या करून ठेवल्या.

सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी दिपालीकडून कोऱ्या बाटल्या मागून घेतल्या आणि तिला बाहेर जायला सांगितलं. प्रत्येक तोटीतलं पाणी वेगळ्या बाटलीत ओतलं. एका बाटलीत सोबत आणलेलं माठातलं नुसतं पाणी घेतलं. प्रत्येक बाटलीच्या बुडाला खडूनं खूण केली, ती दुसऱ्या कोणाला कळणार नव्हती. मग बाटल्या मागंपुढं करून टेबलावर मांडल्या. सुलोचना मॅडम बाजूला उभ्या राहून हे पाहत होत्या आणि त्यांना ते मनापासून आवडलं असावं, कारण त्यांनी स्वतः खुर्ची ओढून डोमाजींना मशीनसमोर बसवलं.

"आता सांग, कोणच्या बाटलीत हाय," डोमाजी दिपालीला आत बोलावून म्हणाले.

दिपालीनं बाटल्या लावल्या. मशीन एकेक थेंब घेत होतं, तापवत होतं आणि पडद्यावर आकडा टाकत होतं. घाई करण्यासारखं काही नव्हतं. डोमाजी पडद्याकडे असे पाहत होते, जणू तराजूच्या काट्याकडेच पाहत आहेत.

शेवटचा आकडा आला. दिपालीनं बाटल्या दोन बाजूंना केल्या. "ह्या बाटल्याईत काई नाई, नाईतं नसल्यासारखं. आन् ह्या साऱ्याईत भरपूर हाय."

डोमाजींनी भरपूर असलेली पहिली बाटली उचलली, उलटी करून बूड पाहिलं. दुसरी पाहिली. मग तिसरी न पाहताच ठेवून दिली. मॅडमनी चहा मागवला. तो डोमाजींनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "बराबर हाय. साऱ्या माह्या पोत्यातल्याच हायेत."

परतीच्या बसमध्ये बसायच्या आधी त्यांनी दिपालीला एवढंच विचारलं, "स्टीलच्या तोटीत नसते ना हे?"

"स्टीलच्या तोटीत शिसं मियवत नाईत, मामाजी. तरी एक आणून द्या. तपासून सांगतो."

पुढं जे झालं ते दिपालीला प्रमिलाबाईंच्या फोनवरून कळत गेलं. नगरपंचायतीची नोटीस निघायच्या आधीच डोमाजी पाना घेऊन शाळेत गेले होते. दुकानात नोकर असताना स्वतः गेले. कैलासनं वरचा कॉक बंद केला आणि डोमाजींनी एकेक तोटी खोलली. कुंताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"डोमाजीभाऊ, तुमी देल्या म्हून आमी बिनधास्त पाजलं पोराईले," त्या म्हणाल्या.

"व्हय बाई," डोमाजी म्हणाले. "म्हून मीच काढून राह्यलो." त्यांनी सारवासारव केली नाही, नागपूरच्या व्यापाऱ्याचं नाव घेतलं नाही. कुंताबाई त्यावर गोड काही बोलल्या नाहीत. पण नव्या स्टीलच्या तोट्या बसवून झाल्यावर त्यांनी पाणी विचारलं, आणि ते डोमाजींनी प्यायलं.

मग डोमाजींनी एक ऑटो ठरवला, त्यावर भोंगा बांधला आणि स्वतःच्या आवाजात भरलेला निरोप गावभर फिरवला. वैरागडे हार्डवेअरमधून घेतलेल्या बिननावाच्या पितळी तोट्या काढून आणा आणि स्टीलच्या घेऊन जा, जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका, बादलीत सोडा. निकेश वर्ध्याहून मदतीला गेला. दुकानासमोर लोक हातात तोट्या घेऊन उभे राहिले. काहीजणांनी भलत्याच दुकानातल्या आणल्या होत्या. निकेश त्यांना परत पाठवू लागला तेव्हा डोमाजींनी त्याला अडवलं. "ते तोटी त्याच्या घरी वापस जाईन ना. ठेवून घे."

शाळेतल्या पोरांचं रक्त आरोग्य खात्याच्या लोकांनी नेलं. बहुतेकांचं ठीक निघालं. काही पोरांच्या रक्तात शिसं थोडं जास्त होतं, त्यात आचलही होती. डॉक्टरांनी कुंताबाईंना सांगितलं की शिसं पोटात जाणं थांबलं हे सगळ्यात महत्त्वाचं, आता पालेभाजी, दूध, गूळ-शेंगदाणे खाऊ घाला आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. कुंताबाईंनी दिपालीला फोन केला आणि हे सगळं खरं का म्हणून विचारलं. दिपालीनं डॉक्टरांशी बोलून मग हो म्हटलं. दुसऱ्या तपासणीत आचलचा आकडा खाली आला होता. तो कागद घेऊन कुंताबाई हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि डोमाजींच्या समोर काउंटरवर ठेवला. डोमाजींना त्यातलं अक्षरही नीट लागलं नाही, म्हणून त्यांनी तो नोकराकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला.

शाळेच्या नव्या तोट्यांचं पाणी घ्यायला दिपाली स्वतः गेली नाही. "घरचा मामला आहे, मॅडम, दुसऱ्या कोणाला पाठवा," असं तिनंच सांगितलं. तिची सहकारी उज्वला गेली, सकाळी शाळा उघडायच्या आत थांबलेलं पाणी घेऊन आली आणि मशीनही तिनंच चालवलं. निकाल साफ आला. नगरपंचायतीनं तो शाळेच्या फाटकावर चिकटवला. कॅनच्या गाड्या हळूहळू कमी झाल्या. कैलासला आता लोक चहा पाजू लागले, आणि तो त्यांना अॅसिडचे थेंब कशाला टाकतात ते समजावून सांगू लागला.

दिवाळीच्या आधी नागपूरच्या व्यापाऱ्याचा माणूस नवा माल दाखवायला कारंजाला आला. निकेश आणि दिपाली तेव्हा सुट्टीत घरीच होते. त्या माणसानं काउंटरवर तोट्या मांडल्या, पॉलिश दाखवलं, जड किती आहेत ते हातात देऊन दाखवलं.

"कंपनीचं नाव कोठं हाय?" डोमाजींनी विचारलं.

"काका, नावात काय आहे, माल बघा ना."

"मालच पाहून राह्यलो. एकेक नग ठेवून जा. सून तपासन, मंग बोलू."

"असं तर कोणीच मागत नाही."

"आष्टीचे दुकानदारबी मांगतीन आता. आर्वीवालेबी. मी फोन केले साऱ्याईले." डोमाजींनी तोट्या त्याच्याकडे सरकवल्या. "ठेवाच्या असतीन तं ठेव. नाईतं चहा पी आन् जा."

तो माणूस चहा प्यायला आणि तोट्या ठेवून गेला. डोमाजींनी त्या कागदात गुंडाळल्या आणि आतल्या खोलीत दिपालीच्या डब्याशेजारी नेऊन ठेवल्या. सुट्टी संपली की तिला आष्टीच्या शाळांचे नमुने घ्यायला जायचं होतं. डबा तिनं आधीच भरून ठेवला होता.

"आष्टीच्या शाळेत कोणाच्या तोट्या हायेत?" डोमाजींनी दारातूनच विचारलं.

"मले नाई माहीत, मामाजी," दिपाली म्हणाली. "पाणी आणल्यावर सांगतो."